विश्लेषण : जेट-स्कीच्या छोट्या दिव्यामागे दोनशे वर्षांपूर्वीचे दीपगृह?

बऱ्याच जेट-स्की फक्त दिवसा चालवण्यासाठी बनवलेल्या असतात. त्यांना दिवेच नसतात. अंधारात चालवायच्या तर लाल, हिरवा आणि पांढरा दिवा बसवावा लागतो. बॅटरी लहान, दिवा तळहाताएवढा. पण तो मैलभर अंतरावरून दिसला पाहिजे. हे कसे साधते, याचे उत्तर क्षयाने ३९व्या वर्षी गेलेल्या एका फ्रेंच अभियंत्याच्या आयुष्यात सापडते. त्यांचे नाव ऑगस्टिन फ्रेनेल.

फ्रेनेल कोण होते?

१० मे १७८८ रोजी फ्रान्समधील नॉर्मंडीतल्या ब्रॉली गावी त्यांचा जन्म झाला. प्रकृती लहानपणापासून नाजूक होती. आठव्या वर्षापर्यंत त्यांना धड वाचताही येत नव्हते, असे सांगितले जाते. पुढे पॅरिसमध्ये अभियांत्रिकीचे शिक्षण घेऊन ते सरकारी नोकरीत रस्ते बांधू लागले. त्या कामात त्यांचे मन कधी रमले नाही. १८१५ मध्ये नेपोलियन सत्तेवर परतला तेव्हा फ्रेनेल यांनी राजाची बाजू घेतली आणि नोकरी गमावली. सक्तीच्या या रिकाम्या दिवसांत आईच्या घरी त्यांनी प्रकाशाचे प्रयोग सुरू केले. मधाचा थेंब हे त्यांचे भिंग होते, तर मोजमापाचे साधन गावातल्या कुलुपे बनवणाऱ्या कारागिराने करून दिले होते.

प्रयोगांतून काय सिद्ध झाले?

प्रकाश म्हणजे कणांचा झोत, असे तेव्हा बहुतेक शास्त्रज्ञ मानत. फ्रेनेल यांनी तो लहरींचा बनलेला असल्याचे गणिताने मांडले. फ्रेंच विज्ञान अकादमीच्या स्पर्धेत परीक्षक प्वासाँ यांनी त्यावर आक्षेप घेतला. हे गणित खरे असेल तर गोल चकतीच्या सावलीच्या मधोमध उजळ ठिपका दिसायला हवा, आणि ते अशक्य आहे, असा त्यांचा मुद्दा होता. आरागो यांनी प्रयोग करून पाहिला. ठिपका दिसला. १८१९ मध्ये पारितोषिक फ्रेनेल यांना मिळाले.

दीपगृहाशी संबंध कसा आला?

त्याच वर्षी आरागो यांनी त्यांना दीपगृह आयोगाच्या कामात ओढले. तेव्हा दिव्यामागे धातूचे आरसे लावत. त्यात बराच प्रकाश वाया जाई. भिंग वापरावे, तर एवढे मोठे भिंग जाड आणि जड होणार, शिवाय जाड काच प्रकाश शोषून घेणार. प्रकाश वळतो तो काचेच्या पृष्ठभागावर. मग आतली काच हवी कशाला, असा विचार फ्रेनेल यांनी केला. पृष्ठभागाचा वक्राकार तेवढा ठेवून त्यांनी भिंगाच्या पायऱ्या-पायऱ्यांच्या कड्या केल्या. पायरीच्या भिंगाची कल्पना आधी इतरांनीही मांडली होती. पण वेगवेगळे तुकडे जोडून ते दीपगृहात वापरण्याजोगे बनवले फ्रेनेल यांनी.

जुलै १८२३ मध्ये जिरोंद नदीच्या मुखाशी असलेल्या कोर्दुआन दीपगृहावर हे भिंग लागले. त्याचा प्रकाश सुमारे ३० किलोमीटरवरून दिसे. स्थिर दिव्यांसाठी त्यांनी पिंपाच्या आकाराचे भिंगही आखले. आकाशाकडे आणि पाण्याकडे जाणारा प्रकाश ते क्षितिजाकडे वळवते आणि चहूबाजूंना पसरवते.

शेवटची वर्षे कशी गेली?

१८२४ मध्ये क्षय बळावला. फ्रेनेल यांनी परीक्षकाची नोकरी सोडली, संशोधनही मागे पडले. उरलेले बळ त्यांनी दीपगृहांसाठी राखले. १८२७ मध्ये ब्रिटनच्या रॉयल सोसायटीचे रम्फर्ड पदक आरागो यांनी त्यांना रुग्णशय्येवर नेऊन दिले. काही दिवसांतच, १४ जुलैला त्यांचे निधन झाले. दीपगृहांचे काम पुढे त्यांचे भाऊ लेओनोर यांनी चालवले.

जेट-स्कीला याचा काय उपयोग?

दीपगृहातला हाच विचार पुढे नौकांच्या दिव्यांत उतरला. नौकेच्या अनेक दिव्यांच्या काचेवर आडव्या रेघा दिसतात. त्या शोभेच्या नसतात. ते पिंपाच्या आकाराचे फ्रेनेल भिंगच असते. १९७२ च्या आंतरराष्ट्रीय सागरी नियमांनुसार १२ मीटरपेक्षा लहान यंत्रनौकेचा लाल-हिरवा दिवा १ सागरी मैलावरून आणि पांढरा २ मैलांवरून दिसला पाहिजे. डावीकडे लाल, उजवीकडे हिरवा; प्रत्येक दिवा समोरून बाजूकडे ११२.५ अंशांत दिसावा. सात मीटरपेक्षा लहान आणि ७ नॉटपेक्षा अधिक वेग नसलेल्या यंत्रनौकेला एका पांढऱ्या दिव्यावर भागवण्याची सवलत आहे. वेगवान जेट-स्कीला ती लागू होत नाही.

लहान नौका डोलते, म्हणून प्रकाशाचा पट्टा फार अरुंद असूनही चालत नाही. क्षितिजाच्या ५ अंश वर आणि ५ अंश खाली आवश्यक तीव्रता टिकावी लागते. चालकाच्या अंगामुळे पांढरा दिवा झाकला गेला, तर उत्तम भिंगही निकामी ठरते. त्यामुळे तो दांड्यावर, चालकाच्या डोक्याहून उंच आणि लाल-हिरव्या दिव्यांच्या किमान १ मीटर वर बसवावा लागतो. दिवा किती प्रखर आहे, याइतकाच त्याचा प्रकाश समोरच्या नावाड्याच्या डोळ्यांपर्यंत पोहोचतो का, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. फ्रेनेल यांनी तो कोर्दुआनला सोडवला होता.