'श्यामची आई'च्या पलीकडचे, आपल्या खानदेशातले साने गुरुजी

साने गुरुजी म्हटलं की 'श्यामची आई' आणि डोळ्यांत पाणी, एवढंच बहुतेकांना आठवतं. पण आपल्या जिल्ह्याने पाहिलेले गुरुजी नुसते हळवे नव्हते. शेतकऱ्याच्या साऱ्यासाठी ते सरकारशी भांडले, आणि तेही स्वतःच्याच पक्षाच्या सरकारशी.

पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ चा, कोकणातल्या दापोली तालुक्यातील पालगडचा. घराणं खोताचं, म्हणजे सारा गोळा करणाऱ्यांचं. पण गुरुजींच्या लहानपणीच घर पार खालावलं. दापोली, औंध, पुणे असं फिरत हालअपेष्टांत ते एम.ए. झाले. तत्त्वज्ञान मंदिराच्या निमित्ताने अमळनेरला आले आणि १९२४ मध्ये तिथल्याच प्रताप हायस्कूलात शिक्षक झाले. वसतिगृहही त्यांच्याकडे आलं. पोरांची अंथरुणं आवरायची, कपडे धुवायचे, आजारी मुलाची सेवा करायची, हे सगळं ते स्वतः करत. शिवाय 'छात्रालय' नावाचं हस्तलिखित दैनिक मुलांसाठी काढायचे. रोजच्या रोज, हाताने लिहून!

ही नोकरी सहा वर्षं चालली. १९३० मध्ये मिठाचा सत्याग्रह सुरू झाला आणि गुरुजींनी शाळा सोडली. मग तुरुंगच तुरुंग. धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत. ते गुरुजींनी भराभर उतरवून घेतलं, म्हणून 'गीता प्रवचने' आज आपल्या हातात आहे. नाशिकच्या तुरुंगात फेब्रुवारी १९३३ मध्ये अवघ्या पाच दिवसांत 'श्यामची आई' लिहून झाली.

डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचं ग्रामीण भागातलं पहिलं अधिवेशन आपल्या यावल तालुक्यात फैजपूरला भरलं. अध्यक्ष पंडित नेहरू. त्याच्या तयारीसाठी गुरुजी गावोगाव फिरले.

खरी कसोटी पुढे आली. १९३८ साली पूर्व खानदेशात, म्हणजे आजच्या जळगाव जिल्ह्यात, अतिवृष्टीने पिकं बुडाली. मुंबई प्रांतात तेव्हा बाळासाहेब खेरांचं काँग्रेस मंत्रिमंडळ होतं. आपल्याच माणसांचं राज्य म्हणून गप्प बसणं सोपं होतं. गुरुजी बसले नाहीत. त्याच वर्षी त्यांनी अमळनेरहून साप्ताहिक काढलं होतं, त्याचं नावच 'काँग्रेस'. त्याच पत्रातून त्यांनी शेतसारा माफ करा म्हणून लिहिलं, सभा घेतल्या, शेतकऱ्यांच्या मिरवणुका काढल्या. गिरणी कामगारांच्या बाजूनेही ते असेच उभे राहिले. आज कुठल्या पक्षाचा कार्यकर्ता एवढं करेल, हे ज्याने त्याने बघावं.

मे १९४७ मध्ये पंढरपूरचं विठ्ठल मंदिर हरिजनांना खुलं व्हावं म्हणून ते उपोषणाला बसले. त्याआधी काही महिने महाराष्ट्रभर दौरा करून त्यांनी लोकांची मनं तयार केली होती. दहा दिवसांनी उपोषण सुटलं, मंदिराचा प्रश्न मार्गी लागला.

स्वातंत्र्य आलं, पण गांधीजींच्या खुनाने गुरुजी आतून खचले. तरी १५ ऑगस्ट १९४८ ला 'साधना' साप्ताहिक सुरू केलं. ११ जून १९५० रोजी त्यांनी स्वतःच आपलं आयुष्य संपवलं. वय अवघं पन्नास. 'साधना' अजून निघतं.