ज्यांना चाचा म्हटले ते सरखेल

भूमध्य समुद्रातल्या माल्टाला जाणाऱ्या प्रवाशाला दोन गोष्टी पाहण्यासारख्या असतात. एक, 1565च्या तुर्की वेढ्यानंतर सेंट जॉनच्या धर्मसरदारांनी उभारलेले तटबंद व्हॅलेटा. दुसरी, त्याच तटाजवळ समुद्रतळाशी पडलेली 'माओरी' ही 1942 मध्ये बुडालेली ब्रिटिश विनाशिका. तिच्यासाठी पाणबुड्यांची रीघ लागते. याच सरदारांच्या परवान्याने निघालेली जहाजे व्यापारी गलबते लुटत, माणसे धरून गुलाम म्हणून विकत. तरी युरोपच्या लेखी ते धर्मवीर. त्याच सुमारास कोकण किनारा राखणारे कान्होजी आंग्रे मात्र इंग्रजांच्या दप्तरात चाचे ठरले.

अंबरनाथ-उल्हासनगरकरांना हा विषय परका वाटू नये. बदलापूरवरून वाहणारी आपली उल्हास कल्याणपाशी खाडीला मिळते. 1657 मध्ये कल्याण-भिवंडी घेतल्यावर शिवाजी महाराजांनी त्याच खाडीत जहाजे बांधायला घेतली. पुढे या आरमारात तुकोजी आंग्रे चाकरीला होते. त्यांचे चिरंजीव कान्होजी. जन्म 1669चा.

1698च्या सुमारास कान्होजींकडे आरमाराची सूत्रे आली. त्यांच्या पाण्यातून जायचे तर दस्तक घ्या, दाम मोजा; नाही तर जहाज जप्त. इंग्रज व पोर्तुगीजही परवाने विकतच होते. माझी सारी नोकरी बँकेत गेली; कागद तोच असला तरी शिक्का कोणाचा यावर त्याची किंमत कशी ठरते, हे मला नव्याने शिकायला नको होते. इंग्रजांना आंग्र्यांचा शिक्का मान्य नव्हता, भांडण एवढेच.

मात्र कान्होजींना देव्हाऱ्यात बसवायचेही कारण नाही. 1712 मध्ये त्यांनी मुंबईच्या गव्हर्नरची सशस्त्र नौकाच पकडली. ताराबाई आणि शाहू यांच्या भांडणात ते आधी ताराबाईंच्या बाजूला होते. शाहूंनी धाडलेल्या बहिरोपंत पिंगळे पेशव्यांना त्यांनी चक्क कैद केले. शेवटी बाळाजी विश्वनाथांनी 1714 मध्ये समेट घडवला. तोही कोकणचाच माणूस, श्रीवर्धनचा. दर्यावरच्या माणसाशी कसे बोलावे हे त्याला ठाऊक होते. सरखेल हा किताब आणि किल्ले कान्होजींकडे राहिले.

मग इंग्रजांनी विजयदुर्ग, खांदेरी करून पाहिले. 1721 मध्ये पोर्तुगीजांना जोडीला घेऊन कुलाब्यावर चालून आले. 1724 मध्ये डच विजयदुर्गावर आले. सगळे हात हलवीत परतले. 1729 मध्ये कान्होजी गेले, मुलांत भाऊबंदकी माजली आणि 1756 मध्ये विजयदुर्गात आंग्र्यांचे आरमार जळाले. इंग्रजांच्या त्या मोहिमेत पेशवे त्यांचे भागीदार होते, हे लिहिताना आजही हात अडखळतो.

विजयदुर्गाजवळ पाण्याखाली सुमारे 122 मीटर लांबीची दगडी भिंत आहे. तिथेही पाणबुडे उतरले, पण ते संशोधक होते. व्हॅलेटाला जागतिक वारशाचा मान 1980 मध्ये मिळाला. खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग यांना 2025 मध्ये. कान्होजींची समाधी अलिबागेत आहे. ओहोटी असली, की तिथल्या किनाऱ्यावरून कुलाबा किल्ल्यात चालत जाता येते.