शंकर बाळकृष्ण दीक्षित आणि ज्योतिषाचा इतिहास

आमच्या पूर्वजांस खगोलाचे सर्व ज्ञान होते असे म्हणणारा एक पक्ष, आणि त्यांनी जे लिहिले ते सारे यवनांकडून उसने आणले असे म्हणणारा दुसरा पक्ष, हे दोन्ही आजही आमच्यांत नांदत आहेत. मूळ ग्रंथ उघडण्याचे श्रम मात्र दोघांसही नकोसे वाटतात. अशा समयी कै. शंकर बाळकृष्ण दीक्षित यांच्या चरित्राचे स्मरण करणे आम्हांस अगत्याचे वाटते.

दीक्षितांचा जन्म १८५३ साली रत्नागिरी जिल्ह्यातील मुरूड गावी झाला. विश्वविद्यालयाची पदवी त्यांनी घेतलेली नव्हती. ठाणे, बार्शी, धुळे अशा ठिकाणी शिक्षकाची नोकरी करावी, आणि उरल्या वेळी जुन्या पोथ्या मिळवून त्यांतील गणित स्वतः करून पाहावे, असा त्यांचा क्रम असे. सामान्य वाचकांस आकाशाची ओळख व्हावी म्हणून त्यांनी १८९२ साली ‘ज्योतिर्विलास’ लिहिले. गुप्तकालीन शिलालेखांतील तिथिवारांचे जे गणित फ्लीटसाहेबांस हवे होते, तेही याच शाळामास्तराने करून दिले. आणि रॉबर्ट स्यूएल यांच्यासह लिहिलेला त्यांचा भारतीय कालगणनेवरील इंग्रजी ग्रंथ १८९६ साली प्रसिद्ध झाला.

त्याच वर्षी ‘भारतीय ज्योतिषशास्त्राचा प्राचीन आणि अर्वाचीन इतिहास’ हा त्यांचा मुख्य ग्रंथ मराठीत बाहेर पडला. वेदकाळापासून आर्यभट, वराहमिहिर, ब्रह्मगुप्त, भास्कराचार्य यांच्यापर्यंत, आणि तेथून कोकणातील नांदगावच्या गणेश दैवज्ञाच्या १५२० सालच्या ‘ग्रहलाघवा’पर्यंत, प्रत्येक ग्रंथकाराचे स्थळ, काळ व ग्रहगतींचे अंक त्यांनी ताडून पाहिले आहेत. शतपथ ब्राह्मणात कृत्तिका पूर्वेपासून ढळत नाहीत असे जे म्हटले आहे, त्यावरून त्यांनी त्या निरीक्षणाचा काळ इसवी सनापूर्वी सुमारे ३००० वर्षे ठरविला. या अनुमानावर पुढील संशोधकांनी आक्षेप घेतले. ग्रीक ज्योतिषाच्या परिणामाविषयीही आज अनेक विद्वानांचे मत दीक्षितांहून निराळे आहे. परंतु आधार व गणित दोन्ही उघड मांडलेली असल्यामुळेच त्यांचे खंडन करणे शक्य होते, आणि शास्त्रीय लेखनाचे खरे लक्षण हेच होय.

दीक्षितांचे संशोधन पोथीपुरते राहिले नाही. वसंतसंपात दर वर्षी सुमारे ५० विकला मागे सरतो. त्यामुळे निरयन पंचांगातील मकरसंक्रांत आज जानेवारीच्या १४ किंवा १५ तारखेस येते, व प्रत्यक्ष उत्तरायण डिसेंबरच्या २१-२२ सच सुरू होऊन गेलेले असते. सण ऋतूंस धरून राहावे म्हणून लेले व मोडक यांच्यासह दीक्षितांनी सायन पंचांगाचा पुरस्कार केला. लोकांनी तो मानला नाही. १९५७ साली भारत सरकारने मेघनाद साहा यांच्या समितीच्या शिफारशीवरून सायन वर्षाची राष्ट्रीय दिनदर्शिका स्वीकारली. तरी घरोघरचे सण जुन्याच गणिताने चालले आहेत.

१८९८ साली, वयाच्या अवघ्या ४४ व्या वर्षी, दीक्षित पुण्यात निवर्तले. त्यांच्या ग्रंथाची पुढे हिंदी व इंग्रजी भाषांतरे झाली. ज्यांच्या भाषेत तो प्रथम लिहिला गेला, त्या आम्हां मराठी लोकांनी मात्र तो कपाटात ठेवून द्यावा, हे भूषणावह नाही. आमच्या महाविद्यालयांनी त्याचे अध्यापन सुरू करावे. ज्यांच्या घरी ज्योतिषाच्या जुन्या पोथ्या कसर खात आहेत, त्यांनी त्या संशोधनसंस्थांच्या स्वाधीन कराव्या. आणि पूर्वजांचा अभिमान अथवा उपहास करू इच्छिणाऱ्यांनी आधी त्यांचे एक तरी गणित स्वतः सोडवून पाहावे, एवढीच आमची विनंती आहे.