एलिशा ओटिस : दोर तुटणार असं धरून चालणारा मेकॅनिक

लिफ्टमध्ये शिरलो की आपण मोबाईल काढतो. वरचा दोर तुटला तर, हा विचार सहसा मनात येत नाही. या निर्धास्तपणामागे एलिशा ग्रेव्ह्स ओटिस हा माणूस आहे. गंमत म्हणजे त्याने शोध लावला तो कारखान्यातलं जड सामान वर चढवण्यासाठी!

ओटिसचा जन्म ३ ऑगस्ट १८११ चा, अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यातला. शेतकऱ्याचा मुलगा. त्याने सामानाच्या गाड्या हाकल्या, पिठाची गिरणी काढली, ती चालेना म्हणून तिथेच लाकडं कापली, मग घोडागाड्या बनवल्या. एकाही धंद्यात फार काळ जम बसला नाही. पुढे तो पलंग बनवणाऱ्या कारखान्यात मेकॅनिक झाला.

१८५२ मध्ये न्यूयॉर्कजवळच्या याँकर्समध्ये एका जुन्या सॉमिलचा पलंगांचा कारखाना करायचं काम त्याच्याकडे आलं. अवजड यंत्रं आणि सामान वरच्या मजल्यावर न्यायचं होतं. दोराने ओढायचे पाळणे तेव्हाही होते, पण दोर तुटला की सगळं धाडकन खाली यायचं. खाली किंवा पाळण्यावर माणूस असेल तर संपलंच.

मग त्याने काय केलं?

साधा विचार केला असता तर त्याने दोर आणखी जाड घेतला असता. ओटिसने उलटं केलं. दोर कधीतरी तुटणार, हेच त्याने गृहीत धरलं. घोडागाडीला असते तशी पट्ट्यांची स्प्रिंग त्याने पाळण्याच्या वर बसवली आणि दोर तिला बांधला. वजनाच्या ताणामुळे स्प्रिंग वाकलेली राहायची. दोर तुटला की ताण जायचा, स्प्रिंग सरळ व्हायची आणि तिची टोकं दोन्ही बाजूंच्या दातेरी पट्ट्यांत अडकायची. पाळणा जागच्या जागी थांबायचा. ना बटण, ना कुणी ओरडायची गरज.

तरी गिऱ्हाईकं फारशी येईनात. म्हणून १८५४ मध्ये न्यूयॉर्कच्या क्रिस्टल पॅलेस प्रदर्शनात तो स्वतः पाळण्यावर चढला आणि लोकांदेखत दोर कापायला लावला. पाळणा जेमतेम काही इंच खाली आला. त्यानंतर ऑर्डरी वाढल्या. १८५७ मध्ये ब्रॉडवेवरच्या हॉव्हाउट यांच्या पाच मजली दुकानात माणसांसाठीची लिफ्ट सुरू झाली.

१५ जानेवारी १८६१ ला त्याला पेटंट मिळालं आणि जेमतेम तीन महिन्यांत, ८ एप्रिलला, घटसर्पाने तो गेला. वय ४९. धंदा पुढे नेला तो चार्ल्स आणि नॉर्टन या मुलांनी.

आजच्या लिफ्टमध्ये वेग प्रमाणाबाहेर गेला की पकडी रुळांना घट्ट धरतात. यंत्रणा बदलली, पण विचार ओटिसचाच. वर्कशॉपमध्ये क्रेनने यंत्र उचलताना त्याच्याखाली कुणी उभं राहू नये, हा नियमही त्याच विचाराचा आहे : साखळी कितीही दणकट दिसो, ती तुटेल असं धरूनच उभं राहायची जागा ठरवायची.