अ‍ॅलिक आयझॅक्स: पेशींचा ‘अलर्ट’ शोधणारे शास्त्रज्ञ
फोनवर धोक्याचा अलर्ट येतो ना? विषाणू शिरला की आपल्या पेशीही शेजारणींना तसाच अलर्ट पाठवतात! हे उलगडलं ग्लासगोत १९२१ साली जन्मलेल्या अ‍ॅलिक आयझॅक्स यांनी. १९५७ मध्ये लंडनला त्यांनी ज्याँ लिंडेनमान यांच्यासोबत कोंबडीच्या अंड्यातल्या पडद्यावर निष्क्रिय केलेला फ्लूचा विषाणू सोडला. त्यातून मिळालेल्या द्रवाने नव्या पडद्यालाही विषाणूपासून वाचवलं. त्यातल्या प्रथिनाचं नाव ठेवलं इंटरफेरॉन.

पण ते मिळायचं अगदी थोडं, शुद्ध करणं जमेना. काहींनी तर ते काल्पनिक म्हणून थट्टा केली. १९६७ मध्ये, अवघ्या ४५व्या वर्षी आयझॅक्स गेले.

१९८० मध्ये मानवी इंटरफेरॉनचं जनुक जिवाणूत घालून ते बनवलं गेलं. यालाच म्हणतात रिकॉम्बिनंट प्रथिन. आयझॅक्स यांना शुद्ध रूपात कधीच न दिसलेलं इंटरफेरॉन आज संशोधकांना कुपीत तयार मिळतं.