आराखडा आपला असावा म्हणून

वर्धा जिल्ह्यात स्वावलंबन हा शब्द उच्चारला की चरखा डोळ्यांसमोर येतो. १९३६ साली गांधीजी शेगावी, म्हणजे आजच्या सेवाग्रामी, राहावयास आले आणि ग्रामोद्योगाचा विचार येथून देशभर गेला. त्याच सुमारास कोल्हापूरकडचा एक तरुण जर्मनीतील गॉटिंगेन येथे प्रवाहशास्त्राचा अभ्यास करीत होता. चरखा आणि विमान यांत वरकरणी साम्य काहीच नाही. तथापि आपणांस लागणारी वस्तू आपणच घडवावयाची की दुसऱ्याकडून आणावयाची, हा प्रश्न दोहोंच्या मुळाशी सारखाच होता. विमानविद्येपुरते त्याचे उत्तर ज्यांनी दिले, ते डॉ. विष्णू माधव घाटगे आज आपल्या विद्यार्थ्यांना नावानेही ठाऊक नसावेत, ही खेदाची गोष्ट होय.

घाटगे यांचा जन्म २४ ऑक्टोबर १९०८ रोजी कोल्हापूर भागातील हसूरचंपू या खेड्यात झाला. शिक्षणाने ते पदार्थविज्ञानाचे विद्यार्थी. मुंबईत एम. एस्सी. झाल्यावर ते गॉटिंगेनला गेले आणि आधुनिक वायुगतिशास्त्राचे जनक समजले जाणारे लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली त्यांनी डॉक्टरेट मिळविली. परतल्यावर या विद्येचा उपयोग करावा असा एकही कारखाना देशात नव्हता.

तो योग आणखी एका मराठी मुलखातील माणसाने आणला. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर संस्थानच्या साह्याने डिसेंबर १९४० मध्ये बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी स्थापन केली. प्रारंभी तेथे अमेरिकन विमानांची जुळणी होई. पुढे युद्धकाळात दुरुस्तीचे काम वाढले. जुळणी करणारे हात तयार होत होते, पण आराखडा करणारी बुद्धी तयार व्हावयाची होती. घाटगे यांनी प्रथम दहा आसनी ग्लायडरचा आराखडा केला. १९४२ साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत विमान अभियांत्रिकीचा विभाग सुरू झाला, त्याच्या पायाभरणीतही त्यांचा मोठा वाटा होता. कारखाना आणि वर्ग ही दोन्ही कामे एकाच वेळी चालली पाहिजेत, हे त्यांनी पुरते ओळखले होते.

या कष्टाचे फळ ऑगस्ट १९५१ मध्ये दिसले. एच. टी.-२ हे संपूर्ण धातूचे, दोन आसनी प्रशिक्षण विमान आकाशात झेपावले. स्वतंत्र भारताने स्वतः आखलेले हे पहिले विमान. अशी दीडशेहून अधिक विमाने बांधली गेली, काही घानालाही पाठविली गेली, आणि हवाई दलाच्या वैमानिकांच्या अनेक पिढ्यांनी पहिले धडे त्यावरच गिरविले. पुढे पुष्पक आणि कृषक ही छोटी विमाने झाली. ४ सप्टेंबर १९६४ रोजी किरण या जेट प्रशिक्षण विमानाचे पहिले उड्डाण झाले. १९६५ साली घाटगे यांना पद्मश्री मिळाली. ६ डिसेंबर १९९१ रोजी त्यांचे निधन झाले.

त्यांच्या यशाची मर्यादाही सांगितली पाहिजे. एच. टी.-२ आणि किरण या दोन्ही विमानांची इंजिने मूळची ब्रिटिश होती. जर्मन अभियंते कुर्ट टँक यांच्या मार्गदर्शनाखाली झालेले मारुत लढाऊ विमानही योग्य इंजिनाअभावी अपेक्षित वेग गाठू शकले नाही. आजच्या तेजसचे इंजिन अमेरिकन आहे. इंजिनाचा धडा आपण अजून पुरता शिकलेलो नाही.

परंतु शिकलेला धडाही विसरता येतो, हे अधिक चिंताजनक होय. एच. टी.-२ ची जागा घेणारे एच. पी. टी.-३२ हे देशी विमान अपघातांमुळे २००९ साली जमिनीवर ठेवावे लागले. ज्या देशाने १९५१ मध्ये स्वतःचे प्राथमिक प्रशिक्षण विमान उडविले, त्याने २०१२ मध्ये त्याच कामासाठी ७५ विमाने स्वित्झर्लंडकडून घेण्याचा करार केला. त्यानंतरचे देशी एच. टी. टी.-४० उडावयास २०१६ साल उजाडले. परवान्यावर विमाने बांधीत राहिल्याने कारखाना चालू राहतो. मात्र आराखडा करणारी माणसे त्यातून आपोआप निर्माण होत नाहीत. त्यांची परंपरा एका पिढीपुरती जरी तुटली, तरी पुन्हा पहिल्यापासून आरंभ करावा लागतो.

घाटगे यांच्या चरित्राचा बोध येथेच आहे. खेड्यातून निघालेला मुलगा पदार्थविज्ञान शिकतो, परदेशी जाऊन विद्या मिळवितो आणि ती कारखान्यात व वर्गात रुजवितो. यासाठी लागणारा मुलगा वर्ध्यातील, आर्वीतील वा हिंगणघाटातील एखाद्या शाळेतही आज बसलेला असेल. त्याला गणिताची गोडी लावणारा शिक्षक मिळतो की नाही आणि शिकून आल्यावर त्याच्यापुढे कोरा कागद ठेवला जातो की दुसऱ्याने काढलेला नकाशा, यावर पुढचे बरेच काही अवलंबून आहे.