सहकारी गृहनिर्माणाचे अध्वर्यू : कै. रावबहादूर श्रीपाद सुब्राव तालमकी

या स्मरणिकेत प्रतिवर्षी ज्ञातीतील एखाद्या थोर पुरुषाचे चरित्र सादर करण्याचा आपला प्रघात आहे. यंदा तो आम्ही जाणूनबुजून मोडीत आहोत. आमचे चरित्रनायक आपल्या ज्ञातीचे नव्हते. ते चित्रापूर सारस्वत समाजाचे. तथापि ज्ञातिबांधवांनी हे चरित्र परके मानू नये, अशी आमची विनंती आहे. गेल्या काही वर्षांत संघाच्या कचेरीत शिष्यवृत्त्यांचे अर्ज आणि वधूवरांच्या याद्या यांच्या बरोबरीने एकच प्रश्न वारंवार कानी येतो, आणि तो म्हणजे मुंबईत राहावयाचे कोठे? घरात दोन पगार येतात, पण जागा घेण्याइतकी पुंजी जमत नाही. कोणाचा विवाह जागेपायी लांबणीवर पडतो. कोणी विरार, बदलापूर गाठतो आणि आयुष्याचे रोजचे तीन-चार तास लोकल गाडीला वाहतो. हा प्रश्न आजचा वाटतो; परंतु शंभराहून अधिक वर्षांपूर्वी याच मुंबईत एका गृहस्थाने तो ओळखला आणि त्याला उत्तरही शोधले. म्हणूनच हा लेखनप्रपंच.

चित्रापूर सारस्वत हा कानडा मुलखातील संख्येने लहानसा समाज. त्याचा मठ शिराली येथे. उत्तर कानडा जिल्हा १८६२ साली मुंबई इलाख्यास जोडला गेला, आणि इंग्रजी शिकलेल्या तरुणांना मुंबईची वाट सोपी झाली. वकिली, शिक्षकी आणि मुख्यत्वे कारकुनी हे त्यांचे व्यवसाय. घरी शेतीवाडी असली तरी मुंबईत महिन्याचा पगार हाच आधार. अशा पगारदारांमध्ये तालमकी वावरले, आणि त्यांची अडचण त्यांनी जवळून पाहिली.

त्या काळची मुंबई कशी होती, हे पाहिल्याविना त्यांच्या कार्याचे मोल कळणार नाही. १८९६ साली मांडवी भागात प्लेग प्रकटला आणि दाट वस्तीचे दुष्परिणाम सर्वांच्या डोळ्यांपुढे आले. १८९८ साली सरकारने सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन केला. त्याने जुन्या कोंदट वस्त्या पाडल्या व रुंद रस्ते काढले. परंतु प्रारंभीच्या काळात जितक्या खोल्या पडल्या तितक्या नव्या उभ्या राहिल्या नाहीत. इकडे शहराची लोकसंख्या १९०१ मधील ७,७६,००६ वरून १९११ साली ९,७९,४४५ वर गेली. श्रीमंतांना बंगल्यासाठी जमीन मिळे. मजुरांसाठी ट्रस्टने काही चाळी तरी बांधल्या. मधला पांढरपेशा मात्र दोहोंच्या बाहेर राहिला. त्याला बंगला परवडत नव्हता आणि मजुरांच्या चाळीत त्याचे पाऊल पडत नव्हते. भाडे मात्र घरमालक मागेल ते द्यावे लागे.

तालमकी यांनी घराच्या प्रश्नाला एकदम हात घातला नाही, हे आम्हांस विशेष लक्षणीय वाटते. त्यांनी आरंभ केला तो पैशांच्या शिस्तीपासून. १९०४ साली सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला. पुढे दोनच वर्षांनी, १९०६ च्या डिसेंबरात, त्यांनी आपले गुरू, वकील कै. शामराव विठ्ठल कैकिणी यांच्या नावाने सहकारी पतसंस्था काढली. पगारदार मनुष्य लग्नकार्य, आजारपण वा मुलांचे शिक्षण यांपायी सावकाराकडे जातो आणि एकदा गेला की सुटत नाही. त्याने महिन्याकाठी थोडे शिल्लक टाकावे, गरजूस आपल्याच शिलकीतून माफक व्याजाने कर्ज मिळावे आणि ते वेळेवर फेडण्याची सवय लागावी, हा या संस्थेचा व्यवहार. शेजाऱ्याचा शब्द खरा ठरतो, याचा अनुभव लोकांना या संस्थेने दिला.

१९११ साली त्यांच्याच पुढाकाराने कानडा सारस्वत असोसिएशन ही ज्ञातिसंस्था स्थापन झाली. पतसंस्थेने हिशोब शिकविला होता. आता एकत्र बसून समाजाची कामे करण्याचे एक स्थान झाले. घराचा विचार मूळ धरावयास भूमी तयार झाली.

अडचण कायद्याची होती. १९०४ च्या कायद्याखाली केवळ पतसंस्था काढता येत. १९१२ साली नवा कायदा आला आणि इतर उद्देशांच्या सहकारी संस्थांना वाट मिळाली. पुढल्याच वर्षी सहकारी घरबांधणीच्या प्रसारासाठी बॉम्बे को-ऑपरेटिव्ह हाउसिंग असोसिएशन निघाली. तिच्या कार्यात तालमकी अग्रभागी होते. बंगळूरला १९०९ साली घरबांधणीची एक सहकारी संस्था निघालेली होती. मुंबई इलाख्यात मात्र अशी संस्था नव्हती. ती उणीव १९१५ साली भरून निघाली. गावदेवी येथे सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था स्थापन झाली. जमीन इम्प्रूव्हमेंट ट्रस्टकडून भाडेपट्ट्याने मिळाली आणि तिच्यावर मध्यमवर्गीय कुटुंबांसाठी इमारती उभ्या राहिल्या.

या पद्धतीचे मर्म समजून घेण्यासारखे आहे. इंग्लंडात लंडनजवळील ईलिंग येथे १९०१ साली भाडेकरूंनी एकत्र येऊन अशीच संस्था काढली होती. सभासदाने भाग घ्यावयाचे, म्हणजे खर्चाचा काही हिस्सा प्रथम द्यावयाचा. उरलेली रक्कम संस्थेने कर्जाऊ उभारावयाची. सभासदाने दरमहा भाडे भरावयाचे, आणि त्यातून व्याज, कर, दुरुस्ती आणि कर्जफेड भागवावयाची. इमारत मात्र सदैव संस्थेची. सभासद हा एकाच वेळी भाडेकरू आणि घरमालकांतील एक. त्याला कोणी घालवून देऊ शकत नाही, आणि तोही जागा बाजारात विकून नफा करू शकत नाही. घर ही राहण्याची वस्तू आहे, विकण्याची नव्हे, हे तत्त्व येथे भाषणांतून नव्हे तर जमाखर्चाच्या वहीतून सांगितले गेले.

पुढे तीनच वर्षांनी या दूरदृष्टीचा प्रत्यय आला. पहिल्या महायुद्धात बांधकाम मंदावले, भाडी भडकली आणि १९१८ साली सरकारला भाडेनियंत्रणाचा कायदा करावा लागला. संस्थेतील भाडेकरूला मात्र घरमालकाची भीती नव्हती, कारण घरमालक तो स्वतःच होता.

तालमकी यांनी हे ज्ञान आपल्या समाजापुरते राखून ठेविले नाही. सहकाराचा स्वदेशी व परदेशी इतिहास त्यांनी अभ्यासला आणि त्या विषयावरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९३१ साली प्रसिद्ध झाला. सरकारने त्यांना रावबहादूर ही पदवी दिली. परंतु त्यांचे खरे स्मारक ताडदेव येथे आहे. तेथील तालमकीवाडी त्यांचे नाव मिरवीत उभी आहे. भारतातील सहकारी गृहनिर्माण चळवळीचे जनक म्हणून त्यांचा उल्लेख होतो, तो यथार्थच आहे.

येथे एक नाजूक प्रश्न टाळणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही. हे सारे कार्य एका ज्ञातीच्या कुंपणात सुरू झाले. त्याचे कारण उघड आहे. बँका ज्याला दारात उभे करीत नसत, त्याच्याजवळ तारण म्हणून एकच वस्तू होती, ती म्हणजे ओळखीच्या माणसांचा विश्वास. आणि ओळख त्या काळी ज्ञातीत असे. पण तीच ओळख दुसऱ्याला दार बंद करावयास वापरता येते. २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबाद येथील एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात सभासदत्व आपल्या समाजापुरते ठेवण्याचा नियम वैध ठरविला. कायद्याने चालते ते सर्व शोभतेच असे नाही. जात, धर्म वा आहार विचारून जागा नाकारली गेल्याचा अनुभव आपल्यातील अनेकांनी घेतला आहे, आणि खरे सांगावयाचे तर काहींनी तो इतरांना दिलाही आहे. तालमकी यांनी लाविलेली पतसंस्था आज मोठी बँक झाली आहे, आणि तिच्या दारात कोणाची ज्ञात विचारली जात नाही. रोप कुंडीत लाविले तरी वृक्ष अंगणात वाढावा, हाच या चरित्राचा बोध आम्ही घेतो.

स्वातंत्र्यानंतर काळ पालटला. १९६३ साली महाराष्ट्रात मालकी तत्त्वावरील सदनिकांच्या विक्रीचा कायदा झाला, तोवर घरबांधणीचा क्रमच उलटू लागला होता. तालमकी यांच्या पद्धतीत आधी शेजारी एकत्र येत आणि मग घर उभे राही. आता आधी बांधकाम व्यावसायिक इमारत उभारतो, तिच्यात नफा घेतो आणि विकत घेणारे अनोळखी लोक मागाहून सोसायटी स्थापन करतात. नाव सहकाराचे राहिले, जीव निघून गेला. त्यातही मुख्य आधार तुटला तो जमिनीचा. गावदेवीच्या कारकुनांनी जमीन बाजारभावाने विकत घेतली नव्हती. ती सार्वजनिक संस्थेने पट्ट्याने दिली होती. अलीकडचे उदाहरण पाहा. गिरण्यांच्या जमिनींचा मोठा वाटा महापालिका व म्हाडा यांस मिळावा असा १९९१ च्या नियमांचा रोख होता. २००१ च्या दुरुस्तीने तो केवळ मोकळ्या जागेपुरता आक्रसला, आणि २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती कायम ठेविली. सामान्यांच्या घरांसाठी शहराच्या मध्यभागी मिळू शकणारी जमीन अशी हातची गेली.

तेव्हा केवळ काटकसरीने आज गावदेवीत घर होईल, असे भाबडे आश्वासन आम्ही देणार नाही. शेजाऱ्यांचा विश्वास, माफक व्याजाचे कर्ज आणि पट्ट्याची सार्वजनिक जमीन या तीन पायांवर ते कार्य उभे होते. तिसरा पाय सरकारकडे मागावा लागेल, आणि तो एकट्या ज्ञातीने नव्हे, सर्व मध्यमवर्गाने मिळून मागावा लागेल. पहिले दोन मात्र आपल्या हाती आहेत. येत्या वार्षिक सभेपुढे गृहनिधीचा ठराव येणार आहे. दरमहा ठेव ठेवणाऱ्या तरुण कुटुंबांना घराच्या पहिल्या हप्त्यासाठी कमी व्याजाने साहाय्य द्यावे, असा त्याचा आशय आहे. रक्कम लहान आहे म्हणून कोणी हसू नये. आमच्या चरित्रनायकांचा आरंभही कारकुनांच्या शिलकीतूनच झाला होता. ज्यांची जुनी इमारत पुनर्विकासास निघाली आहे, त्या बांधवांनीही सही करण्यापूर्वी एवढाच विचार करावा की, वाढीव चौरस फुटांच्या मोहात उद्या मुलांना परवडेल असा शेजार आपण गमावीत तर नाही ना?

कै. तालमकी यांच्या स्मृतीस आमचे सविनय अभिवादन असो, आणि ज्ञातिबांधवांच्या घरात, मग ते एका खोलीचे का असेना, सुख व समाधान नांदो, ही प्रार्थना.